कुठल्याही गोष्टीला चालणारा खेळ

माझ्या मणक्यात क्षय शिरलाय हे कळलं तेव्हा मी सोलापुरात कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. डॉक्टरांनी एक्स-रेचा काळा कागद खिडकीपुढे धरला आणि माझ्याकडे न बघता वडिलांना सांगितलं, "हिला झोपवून ठेवावं लागेल."

वडिलांनी विचारलं, "किती दिवस?"

"दिवसांत मोजू नका," डॉक्टर म्हणाले.

काखेपासून मांड्यांपर्यंत प्लास्टर घातलं. ओलं होतं तोवर ते ऊन लागलं, मग गार पडलं आणि मग माझ्याभोवती कायमचं घट्ट झालं. गळ्यातल्या इष्टलिंगाची डबी त्यावर आपटायची, म्हणून आईनं, म्हणजे आमच्या अव्वानं, दोरा सोडला आणि डबी माझ्या दंडाला बांधली. बांधताना ती कानडीत काहीतरी पुटपुटत होती. घरी आम्ही अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायचो. पण ती रडवेली झाली की मराठी तिला सोडून जायची.

हाडांच्या रोगांचा बायकांचा वॉर्ड होता तो. उताण्या माणसाला जग किती थोडं दिसतं ते उताणं पडल्याशिवाय कळत नाही. मला छत दिसायचं आणि पंख्याचं एक वाकडं पातं. अव्वानं शुक्रवार पेठेतल्या घरून हात-आरसा आणला, सिस्टरनं तो डोक्याकडच्या दांडीला तिरका बांधला, तेव्हा वॉर्डाचं दार दिसायला लागलं. येणारं माणूस आरशात आधी दिसायचं आणि मग त्याची चप्पल ऐकू यायची. गिरणीचा भोंगा झाला की बाहेर माणसांची पाळी बदलायची. माझी बदलायची नाही.

प्लास्टरच्या आत उन्हाळ्यात घाम झिरपायचा, खाज सुटायची. अव्वानं दिलेली विणायची सुई मी कडेनं आत घालायचे. ती जिथपर्यंत पोचायची त्याच्या बोटभर पुढेच खाज असायची.

माझ्या डाव्या पलंगावर सांगोल्याकडची एक धनगरीण होती. कोकराच्या मागे धावताना कड्यावरून घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. तिचा पाय दोरीनं वर टांगलेला आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला वजन. वयानं अव्वाएवढी, म्हणून मी तिला मावशी म्हणायला लागले. उजवीकडे विणकरांच्या घरातली एक सून होती, माझ्याहून थोडी मोठी. तिच्या खुब्यात क्षय होता. कमरेपासून एका पायाच्या बोटांपर्यंत प्लास्टर. तिचं माहेर-सासर दोन्हीकडे तेलुगू. मी तिला अक्का म्हणायचे आणि ती मला चेल्ली, म्हणजे धाकटी बहीण. पहिले काही आठवडे ती कुणाशीच बोलली नाही.

वडिलांनी घरचा सारीपाट आणून दिला. मावशीला तो खेळता यायचा. पण माझ्या पोटावर कापड अंथरलं की सोंगट्या प्लास्टरच्या उतारावरून घरंगळून पलंगाखाली जायच्या आणि आया येईपर्यंत तिथंच पडून राहायच्या. शेवटी मी पट गुंडाळून ठेवला. कवड्या तेवढ्या हातात राहिल्या.

मावशी म्हणाली, "पट न्हाय तर न्हाय. तू त्वांडानं सांग की, मी कुटं हाय ते."

मी सहज म्हटलं, "तुम्ही माळावर आहात. कळपातलं एक कोकरू कमी आहे."

"मंग मी वगळीत बघनार. पान्याच्या वासानं गेलं आसंल."

"ओढ्याच्या त्या वगळीत लांडगा आहे."

 तिचा टांगलेला पाय हलला आणि वजन पलंगाच्या दांडीवर टक्कन वाजलं. "किती लांब हाय?"

"दगड पोचेल एवढा."

"हानते धोंडा."

आता धोंडा लागला की नाही हे मी कसं ठरवणार? मी म्हटलं लागला, तर त्यात मजा नाही. नाही लागला म्हटलं, तर ती रुसणार. तिनंच तोडगा काढला. "कवड्या टाक की. उताण्या लई पडल्या तर लागला." मी जेवणाचं ताट छातीवर घेतलं आणि पाच कवड्या त्यात टाकल्या. चार उताण्या पडल्या. मावशीनं समाधानानं श्वास सोडला, जणू तो लांडगा खरोखरच वगळीतून पळाला होता.

मग रोज दुपारी, औषधं देऊन सिस्टर गेल्या की, आमचं सुरू व्हायचं. एके दिवशी अक्का भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "लांडगा नको. मला राजवाडा पाहिजे." वॉर्डात तिचं ते पहिलं लांब वाक्य.

राजवाड्याला लांडग्याचे नियम कसे चालतील, असं मला वाटलं. म्हणून मी राजवाड्यासाठी वेगळे नियम केले: दासीचा मान किती, प्रधानाचा किती, कुणाला कुठल्या दारानं जाता येतं. दोन दिवसांत ते माझेच मला आठवेनात. पुढे मी चोरी पकडण्याची गोष्ट काढली, तिचे आणखी वेगळे. मावशी वैतागली.

"गोष्ट बदलली की तू कायदा बदलतीस. मान्सं तीच हाईत की."

त्यावर मी रात्रभर नव्हे, पण सबंध सकाळ विचार केला. तेवढंच काम होतं. माळावर काय किंवा राजवाड्यात काय, माणूस करून करून काय करतं? जोर लावतं, डोकं चालवतं, बोलून बघतं, नाहीतर दम धरतं. म्हणून आम्ही चार गोष्टी ठरवल्या: बळ, अक्कल, जीभ आणि धीर. प्रत्येकीला सहा चिंचोके. ते या चारांत हवे तसे वाटायचे आणि एकदा वाटले की बदलायचे नाहीत. अडचण आली की मी आधी आकडा सांगायचा, सोपं असेल तर लहान, अवघड असेल तर मोठा. मग ज्या गुणावर भिस्त त्याचे चिंचोके आणि उताण्या पडलेल्या कवड्या यांची बेरीज. आकडा गाठला तर जमलं. आकडा आधी आणि कवड्या मागून, हा नियम मावशीचा. "न्हायतर तू लबाडी करशील," ती म्हणाली.

तिनं चार चिंचोके धीरात टाकले, दोन बळात. अक्कानं तीन अकलेत, दोन धीरात, एक बळात.

"जिभेत काहीच नाही?" मी विचारलं.

"कशाला?" अक्का म्हणाली.

त्या चार गुणांवर आम्ही कुठंही गेलो. अक्का राणीच्या महालातून निसटली, मावशीनं आगगाडीतला चोर धरला. मग मी हट्टानं त्यांना चंद्रावर नेलं, कारण माणसं तिथं जाऊन आली होती आणि मला त्याचं फार अप्रूप होतं. मावशीचा त्यावर विश्वास नव्हता, पण खेळात ती मेंढरं घेऊन आली.

"तितं गवात न्हाय म्हंतीस."

"नाही."

"पानी?"

"तेही नाही."

"मंग मान्सं गेलीच कशाला?"

अक्का हसली. प्लास्टरमध्ये हसलं की खुब्यात कळ उठते. ती हसत होती आणि कळवळत होती, दोन्ही एकदम.

पुष्कळ वर्षांनी माझ्या भाच्यानं मला परदेशातून आणलेलं, असल्याच गोष्टींच्या खेळाच्या नियमांचं एक जाड पुस्तक दाखवलं. राजे घ्या, हेर घ्या, भुतं घ्या, रॉकेट घ्या, नियम एकच, असं तो मोठ्या उत्साहानं सांगत होता. मी विचारलं, "यात अंथरुणावरून उठता न येणाऱ्या माणसाचं काय करतात?" त्यानं बरीच पानं चाळली आणि बघून सांगतो म्हणाला.

मी ते विचारलं, कारण वॉर्डात खेळ संपला की छत परत खाली यायचं. चंद्रावरून परत येऊन मी भांडं मागायचे आणि आया येईपर्यंत कळ दाबून पडायचे. डासानं पोटरीला चावलं तर हात पोचायचा नाही. कधी कधी भरदुपारी मला वाटायचं की हे प्लास्टर आतून वाढतंय, आणि मग मी तोंड उघडून मोठमोठ्यानं श्वास घ्यायचे. मावशीला ते बरोबर कळायचं. ती म्हणायची, "सांग, मी आता कुटं हाय."

एका रविवारी अक्काची सासू आली. पायाशी उभी राहून तेलुगूत हळू आवाजात बोलत होती, भांडल्यासारखं नाही, बाजारहाटाबद्दल बोलावं तसं. ती गेल्यावर अक्कानं चादर तोंडावर घेतली. संध्याकाळचा चहा आला तसा गेला.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अत्तम्मा दुसरी सून आणणार आहेत. त्यांच्या बहिणीची मुलगी. घरात कांड्या भरायला कोणी नाही, म्हणाल्या. मला टाकणार नाहीत म्हणे. मी पण राहायचं."

मागावरच्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरणं हे तिच्या घरात सुनेचं काम होतं. ती आजारी पडल्यापासून ते सासूवर आलं होतं.

"आणि तुमचे यजमान काय म्हणाले?"

"ते वर आलेच नाहीत. खाली सायकल धरून उभे होते."

 थोड्या वेळानं अक्कानं मान माझ्याकडे वळवली. "चेल्ली, आज माझ्या घरची गोष्ट सांग. मी पलंगावर आहे. अत्तम्मा आल्या आहेत."

"असलं नको," मी म्हटलं.

"कुठल्याही गोष्टीला चालतो म्हणतेस ना तुझा खेळ?"

मग मी सांगायला लागले. मावशी सासू झाली. अक्कानं आधी बोलून बघितलं. मी आकडा सहा सांगितला आणि सांगताच माझ्या लक्षात आलं की कवड्या पाच आणि तिच्या जिभेत एकही चिंचोका नाही. सगळ्या उताण्या पडल्या तरी ती सहाला पोचत नव्हती. तिच्याही लक्षात आलं. ताट तिनं खाली ठेवलं नाही.

"चार करू का?" मी विचारलं.

"नको. सहाच आहे ते."

मावशी म्हणाली, "चिंचोके बदल की. दोन काड हिकडं, टाक तिकडं."

"बदलले तर मी नाही ती," अक्का म्हणाली.

तिनं अकलेनं बघितलं: माहेरी निरोप धाडते, जातपंचांना बोलावते. कवड्या बऱ्या पडल्या. पण सासूच्या जागी बसलेली मावशी प्रत्येक वेळी तिथंच यायची. "मला तुजा राग न्हाय, पोरी. घरात दोन माग हाईत. मला कांड्या भरनारी पायजे. तू कवा उटशील ते सांग."   आमच्यापैकी कुणालाच कुणी तारीख सांगितली नव्हती.

दोन-तीन दुपारी आम्ही तेच खेळलो. मग मावशीनं ताट बाजूला सारलं. "मी न्हाय हुनार सासू. बोलाय लागले की मला तिचंच खरं वाटाय लागतंय," ती म्हणाली, आणि त्या दिवशी आम्हाला तिची पाठ दिसली नाही एवढंच, वळता आलं असतं तर ती वळून झोपली असती.

पुढल्या आठवड्यात भलत्याच वेळी आरशात एक पुरुष दिसला. सडपातळ, भुवयांवर कापसाचा भुरा बसलेला, हातात केळी. अक्काचा नवरा होता तो, माग बंद पडला म्हणून आला होता. अक्काच्या स्टुलावर बसला.  केळी त्यानं आधी मांडीवर ठेवली, मग कपाटावर, मग परत मांडीवर.

मावशीला ते सोसवेना. "पावनं, खेळता का?"

तो कसनुसा हसला. अक्कानं मात्र ताट उचललं आणि त्याच्या हातात दिलं. तेलुगूत काहीतरी म्हणाली, मग आम्हाला कळावं म्हणून मराठीत म्हणाली, "तुम्ही मी व्हायचं."

"म्हणजे?"

"चेल्ली सांगेल."

 सांगणारी मीच होते. "तुम्ही पलंगावर आहात," मी म्हटलं. "कमरेपासून खाली प्लास्टर आहे. तुमची बायको दुसरा नवरा करणार आहे, असं आत्ताच कुणी सांगून गेलं. ती खाली सायकल धरून उभी आहे. काय करता?"

तो परत हसला, आमच्याकडे बघितलं. कुणी हसत नव्हतं.

"खाली जातो. तिला विचारतो."

"उठता येत नाही."

"मग हाक मारतो."

"हाक जिभेवर जाते," मी म्हटलं. "तुमच्याकडे अक्काचेच चिंचोके आहेत. जिभेत एकही नाही. तीन उताण्या पाहिजेत."

त्यानं कवड्या टाकल्या. दोन पडल्या.

"आवाज खिडकीपर्यंत गेला नाही."

"कोणाला तरी पाठवतो."

"आया जेवायला गेली आहे."

"मग थांबतो."

"किती?" हे अक्कानं विचारलं.

तो कवड्या हातात फिरवत राहिला. आकडा मी सांगितला नव्हता आणि त्यानंही मागितला नाही. मला वाटलं आता तो ताट ठेवून उठेल आणि निघून जाईल. त्याला उठता येत होतं. तो तिच्या पायाकडे, प्लास्टरच्या मळलेल्या कडेकडे बघत होता. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "आत खाजतं का?"

"खाजतं."

"मग काय करतेस?"

तिनं माझी विणायची सुई दाखवली. आम्ही दोघी ती वाटून घ्यायचो. त्यानं सुई घेतली, दाराकडे एकदा बघितलं आणि कमरेजवळच्या कडेतून हळूच आत घातली. "इथं?" "अजून खाली." "इथं?" तिनं डोळे मिटले. मी आरसा सोडून छताकडे बघितलं. मावशीनं पदर चेहऱ्यावर ओढला.

त्यानंतर तो अधूनमधून येत राहिला. त्यानं आईशी काय भांडण केलं, केलं की नाही, हे आम्हाला कधी कळलं नाही. एवढंच कळलं की बहिणीची मुलगी आली नाही, आणि मागावरचं काम संपल्यावर तो स्वतः कांड्या भरायला बसतो. पेठेत त्याला हसायचे, असं अक्का सांगायची. सांगताना तिला वाईट वाटतंय की बरं, ते मला ओळखता यायचं नाही.

आधी मावशी गेली. तिचा मुलगा न्यायला आला होता. काठीवर उभी राहिली तेव्हा ती माझ्या कल्पनेपेक्षा फार उंच निघाली. मी तिला आडवीच ओळखत होते. माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "चंद्रावर मेंढरं ऱ्हायलीत माजी. बगत जा."

मग अक्काचं प्लास्टर कापलं. खुबा आखडला होता, पाय थोडा आखूड झाला होता. नवरा टांगा घेऊन आला. तिनं त्याला सांगितलं की आधी माहेरी जाणार, चालता यायला लागल्यावर पुढचं बघू. हे तिनं वॉर्डात सगळ्यांदेखत, नेहमीच्या आवाजात सांगितलं. तो बरं म्हणाला. वर्षभरानं ती त्याच्याकडे गेली, वेगळ्या खोलीत संसार मांडला. सासूशी तिचं बोलणं कधीच धड झालं नाही. एकदा लंगडत माझ्याकडे येऊन हे सगळं सांगून गेली.

मी मात्र तिथंच होते. डावीकडे एक म्हातारी आली, ती दिवसभर कण्हायची. उजवीकडचा पलंग बरेच दिवस रिकामा राहिला. मी एकटीनं खेळून बघितलं. आकडा मीच सांगायचा, कवड्या मीच टाकायच्या. पण मी काय करणार हे मला आधीच ठाऊक असायचं, आणि पुढे काय होणार हेही. दोन दिवसांत मी ताट आयाला परत दिलं. ते महिने मला नीट आठवत नाहीत. आरशातलं दार आठवतं.

माझं प्लास्टर काढलं तेव्हा आतून पांढरी, सोलवटलेली कातडी निघाली. उभं केलं तर मला भोवळ आली आणि मी झोपवा, झोपवा म्हणाले. ज्यातून सुटायला इतकी तडफडले त्याच्यातच परत जायला निघाले होते. मग कातडी पट्ट्यांचा आणि पोलादाच्या पट्ट्यांचा कंबरपट्टा आला आणि मी शुक्रवार पेठेत घरी आले.

घरी माझा पलंग खालच्या खोलीत टाकला होता. जिना चढायचा नाही. कॉलेज लांब, तेही नको. पाहुणे आले की माझा कंबरपट्टा लुगड्याखाली दडवायचा आणि क्षय हा शब्द काढायचा नाही, कारण पुढे स्थळं बघायची होती. पुढे परीक्षा मी बाहेरून दिल्या आणि नोकरीही केली, पण ती पहिली वर्षं त्या खोलीतच गेली. खिडकीतून गल्लीचा जेवढा तुकडा दिसायचा तेवढाच.

एका दुपारी वडील त्यांच्या वाणसामानाच्या दुकानातून जेवायला आले. पान खाऊन माझ्याजवळ बसले. त्यांना माझ्याशी काय बोलावं ते सुचायचं नाही. म्हणाले, "दवाखान्यात तुम्ही बायका काय खेळत होता म्हणे?"

मी सांगितलं. सारीपाटाच्या कवड्या आणल्या, ताट आणलं, चिंचोके वाटून घ्यायला लावले. त्यांनी बराच विचार करून ते वाटले, वाण्याला शोभेल असे, सगळीकडे थोडेथोडे.

"आता तुम्ही म्हणाल तिथं जाऊ," मी म्हटलं. "जंगल, राजवाडा, विलायत. कुठंही."

त्यांनी छताकडे बघितलं, मग खिडकीकडे. "दुकानात," ते म्हणाले.

"अप्पा, दुकानात तर रोजच जाता."

"दुसरं काय सुचत नाही, बाळ."

"बरं. तुम्ही दुकानात आहात. दुपार आहे. काय करता?"

 अव्वा स्वयंपाकघरात भांडी आवरत होती, तो आवाज येत होता. मग त्यांनी कवड्या मुठीत घेतल्या आणि म्हणाले, "दुकानाच्या फळ्या लावतो. बाहेरून. भर दुपारी. आणि निघतो."

"अवघड आहे," मी म्हटलं. "सहा."

"सातपण चालेल," ते म्हणाले, आणि त्यांनी कवड्या टाकल्या.